अप्पांचं मशीन सुरू होतंय

मला हळू चालणाऱ्या कॉम्प्युटरचा राग येतो. कुणाला भाजीत केस सापडलेला चालत नाही, कुणाला मांजर आडवं गेलेलं चालत नाही. मला पडद्यावर गोल गोल फिरणारं ते चक्र चालत नाही. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बायको म्हणते, "तुम्ही माणसांवर एवढे चिडत नाही." हे खरं नाही. माणसांवरही चिडतो.

म्हणून चनबसप्पाअप्पांच्या मशीनचं आणि माझं कधी जमलं नाही. अप्पा माझ्या दुकानासमोर वधूवर सूचक केंद्र चालवतात. मुळात ते किराणा दुकान. गूळ-शेंगदाणे न्यायला आलेल्या बायका बोलता बोलता "अप्पा, आमच्या पोरीसाठी बघा की कुटंतरी" म्हणायच्या. अप्पा बघायचे. असं करत करत किराणा आटत गेला आणि स्थळं वाढत गेली. आता गुळाच्या ढेपांच्या फळीवर जमवलेल्या लग्नांच्या पत्रिकांचे गठ्ठे आहेत आणि वजनकाटा होता तिथं कॉम्प्युटर आहे. खोलीला अजून गुळाचा वास येतो. मुंग्याही येतात. एकदा तर माऊस उघडला तर आत मुंग्यांचा संसार थाटलेला.

हा कॉम्प्युटर अप्पांनी किराणा चालू असतानाच घेतलेला. दर खंडेनवमीला त्याच्या पत्र्यावर विभूतीच्या तीन पट्ट्या ओढायच्या, पण आधीच्या पुसायच्या नाहीत, असा अप्पांचा नेम. त्यामुळे पत्र्याचा मूळ रंग कोणता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मेमरी एवढीशी, आणि त्यावर मीच कधीकाळी विंडोज टेन चढवलेली. बटण दाबलं की तो आधी खाकरायचा. मग पंखा घरघरायचा, मग पडदा काळा, मग निळा, मग ते चक्र. माझ्या दुकानात बसून मी ते बघायचो आणि आपोआप दात आवळायचो.

अप्पांना मात्र त्याचं काहीच वाटायचं नाही. केंद्रात समोरासमोर दोन बाकडी. मध्ये टेबल, त्यावर मशीन, पडद्याचं तोंड अप्पांकडे. अप्पा मुलाकडच्यांना आणि मुलीकडच्यांना एकाच वेळी बोलवायचे आणि दोघांनाही सांगायचे, "हे बी म्हाईती बघायलाच आल्यात." ही थाप आहे हे दोन्ही बाकड्यांना ठाऊक असायचं, तरी सगळे ती मनापासून पाळायचे. कारण कुणी कुणाला बघायला आलेलंच नाही म्हटल्यावर कुणी कुणाला नकार देण्याचाही प्रश्न नव्हता.

"मशीन सुरू होतंय," अप्पा म्हणायचे. "तंवर बसा."

मग ते पाण्याचा विषय काढायचे. सोलापुरात दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसवा आणि "तुमच्याकडं पाणी कितव्या दिवशी सोडतात?" एवढंच विचारा. पुढं तुम्हाला काही करावं लागत नाही. पाण्यावरून टाकी, टाकीवरून घर, घरावरून जागा कमी पडते का, आणि तिथून सुनेपर्यंत गाडी बरोबर यायची. भुवनेश्वरी, म्हणजे अप्पांची सून, चहा आणायची. मुलगा कप घेताना आधी आईकडे बघतो का, मुलगी कुणाच्या विनोदावर खरं हसते, हे अप्पा चष्म्याच्या वरून टिपत असायचे. मशीन सुरू होईपर्यंत दोन्ही बाकडी एका सुरात बोलत असली तर अप्पा एकच स्थळ उघडायचे, समोरच्या बाकड्यावरचं. नाहीतर दुसरीच चार दाखवून सगळ्यांना हसतमुखानं वाटेला लावायचे.

हे सगळं मला आता कळतं. तेव्हा मला फक्त चक्र दिसायचं.

आणि मग त्या वर्षी कंपनीनं जाहीर केलं की विंडोज टेनला आता पुढे काही मिळणार नाही, सगळ्यांनी नव्या सिस्टीमवर यावं. अप्पांच्या पडद्यावर पाटी यायला लागली. नव्या सिस्टीमसाठी हा कॉम्प्युटर चालणार नाही असं ती पाटी सांगायची, आणि खाली 'नंतर आठवण करून द्या' असं बटण. अप्पा रोज ते बटण दाबायचे आणि पडद्याला आदरानं म्हणायचे, "घरी इचारून कळवतो."

आमच्याकडे लग्नाच्या बाजारात ह्या वाक्याचा अर्थ 'नको' असा होतो. पण मशीनला ते कोण सांगणार? ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं.

"अप्पा, नवं घ्या," मी म्हटलं. "हे म्हातारं झालंय."

"मी बी झालोय की. मला काढतोस का?"

"तुम्ही सुरू व्हायला एवढा वेळ लावत नाही."

भुवनेश्वरी माझ्या बाजूनं होती. तिला ह्या मशीनवर फोटो उघडता उघडत नसत आणि बाहेर मैत्रिणी मोबाईलवर स्थळं बघायच्या. "मामा, लोक हसतात," ती सासऱ्यांना म्हणाली. हे अप्पांना लागलं. खंडेनवमीला पुजलेलं लगेच कसं हलवायचं, म्हणून त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली. पाडव्याला मी नवं मशीन आणून बसवलं. अप्पांनी त्याला चहूबाजूंनी बघितलं, आधी कुणाकडं दिलेलं तर नव्हतं ना असं विचारलं आणि विभूती लावली. जुनं मी दुकानात नेलं. माहिती सगळी नव्यात घातली, जुन्याची हार्ड डिस्क काढून साफ केली आणि एका गिऱ्हाइकाच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या पेटीला बसवून टाकली. राहिलेलं खोकं कोपऱ्यात ठेवलं.

नवं मशीन काय सुंदर चालायचं! बटण दाबलं की झालं. मला तर डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं.

पहिलं गिऱ्हाईक अक्कलकोट भागातलं. दुसऱ्या बाकड्यावर आमच्याच पेठेतली मंडळी. अप्पांनी बटण दाबलं आणि सवयीनं सुरुवात केली, "मशीन सुरू हो…" आणि गप्प झाले. मशीन सुरू झालेलं होतं. झळझळीत. अप्पांना पाण्याचा विषय आठवेना.

"दाखवा की मग," अक्कलकोटची बाई म्हणाली.

अप्पांनी पडदा वळवून दाखवलं. उंची, पगार, गाव, रंग. हे नको, ते नको, पुढचं. समोरच्या बाकड्यावरची मुलगी तिनं पडद्यावरच नाकारली, आणि ती मुलगी तिथंच बसून ते ऐकत होती. मुलीचे वडील चपला शोधायला लागले. भुवनेश्वरी चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा दोन्ही बाकडी रिकामी होती. तो चहा मला प्यावा लागला.

मग तो रोजचाच प्रकार झाला. लोक यायचे, पडद्याचे मोबाईलवर फोटो काढायचे, "कळवतो" म्हणायचे आणि जायचे. तुळशीची लग्नं लागली, पण माणसांचं एकही जमेना. पेठेत लोक म्हणायला लागले, अप्पांचा हात गेला. चहा पिऊन पिऊन मला पित्त झालं.

एक दिवस अप्पा माझ्या दुकानात येऊन बसले. त्यांना असं उतरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

"बिरू, येत्या रविवारी महेश्वरीचं हाय."

महेश्वरी म्हणजे होटगीच्या शिवशरणची मुलगी. शिवशरण रेल्वेतून रिटायर झालेला, अप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त. मुलगी गावातल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. हुशार, बोलायला खणखणीत. पण वय पुढं गेलेलं, आणि बघायला आलेला प्रत्येक जण पोहे खाऊन आधी तिच्या वयाचा हिशेब करायचा. शेवटी तिनं वडिलांना सांगून टाकलं होतं, "आता पोह्याची ताटली घेऊन मी बाहेर येनार न्हाय. एकदा अप्पांकडं येते. तितं न्हाय जमलं तर विषय बंद." शिवशरण हे सांगताना अप्पांच्या पुढ्यात रडला होता, आणि अप्पांनी त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता.

"पोरगा बार्शीचा हाय, धान्याची आडत हाय," अप्पा म्हणाले. "गुरुराज. लई चांगला. पोरगी त्याच्याहून दहा महिन्यांनी मोटी, हे तिला बी ठाऊक हाय. त्याची आई आल्या आल्या जन्मतारीख मागनार, तुझं मशीन ती लगेच दाखवनार, आन् बाई उटनार. मला जुनं मशीन पायजे."

"अप्पा, त्यात हार्ड डिस्क नाही. ते कधीच सुरू व्हायचं नाही."

"पंखा फिरतो?"

"फिरतो."

"दिवा लागतो?"

"लागतो, पण…"

"मग मला सुरू झालेलं कुटं पायजे? सुरू होत ऱ्हायलं पायजे."

हळू मशीनवर आयुष्यभर चिडलेल्या माणसाला कुणी असं काम सांगतं का? पण पुढचं ह्याहून वाईट होतं. "आन् तू बी यायचं," अप्पा म्हणाले. "टेबलाखाली बसून स्क्रू फिरवायचे. लोकांना वाटलं पायजे, परयत्न चाललाय."

रविवारी मी टेबलाखाली बसलो. नवं मशीन भुवनेश्वरीनं आतल्या खोलीत साडीखाली झाकून ठेवलं. वर विभूतीनं माखलेलं खोकं घरघरत होतं, आणि पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरात एकच इंग्रजी ओळ, डिस्क सापडत नाही अशा अर्थाची. पडद्याचं तोंड अप्पांकडे. मला मंडळींचे पाय दिसत होते. डाव्या बाकड्याखाली शिवशरणच्या पॉलिश केलेल्या चपला आणि महेश्वरीचे स्थिर पाय. उजव्या बाजूला गुरुराजचे बूट, आणि त्याच्या आईचा, काशम्मांचा, एक पाय सारखा हलणारा.

"बर्री, बर्री," अप्पांनी कानडीत 'या, या' म्हणून स्वागत केलं. "हे बी म्हाईती बघायलाच आल्यात."

"आदी जन्मतारीख दाखवा," काशम्मा म्हणाल्या. "फोटो मागनं."

"दाखवतो की. मशीन सुरू होतंय. तंवर बसा."

मी खालून टेबलाचाच एक स्क्रू सैल केला आणि पुन्हा आवळला. अप्पांनी पाणी काढलं. शिवशरण होटगीच्या टँकरवर बोलला, काशम्मा बार्शीच्या नळावर बोलल्या, पण त्यांचा पाय काही थांबेना. "अजून न्हाय का झालं?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "अगं पोरी, तू कॉम्प्युटरची मास्तरीन ना? बघ की जरा काय झालंय ते."

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर सुटला. अप्पा खोकले. महेश्वरी उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि पडद्यासमोर उभी राहिली. शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला ती ओळ कळणार नाही असं होणारच नव्हतं. तिनं वाकून खोक्याच्या उघड्या बाजूतून आत बघितलं. डिस्कची जागा रिकामी. मग तिनं आणखी वाकून टेबलाखाली माझ्याकडे बघितलं. मी दात काढले. दुसरं काय करणार?

ती सरळ झाली आणि शांतपणे म्हणाली, "होतंय सुरू. वेळ लागंल जरा."

आणि जागेवर जाऊन बसली.

मला काही समजेना, म्हणून मान वाकडी करून मी मंडळींची तोंडं दिसतील एवढा पुढं सरकलो. अप्पांनी मात्र लगेच भुवनेश्वरीला हाक मारली. वेळ लागणारच असेल तर नुसत्या चहावर कसं भागायचं, म्हणून ती कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही घेऊन आली. महेश्वरीनं भाकरी तळहातावर धरून वरून बुक्की मारली. कडाड् असा आवाज झाला आणि तुकडे थेट गुरुराजच्या बुटापर्यंत उडाले. ते वाकून उचलताना तो पहिल्यांदा हसला.

"आमच्या आडतीवरचं मशीनसुद्धा कंपनीनं नाकारलंय," तो म्हणाला. "नवीन सिस्टीमला चालत नाही म्हणे. चांगलं चाललेलं. काय बिघडलं होतं त्याचं?"

"आमच्या शाळेतली तर सगळीच नाकारली," महेश्वरी म्हणाली. "मी एकेक तपासलं की. पोरं त्याच्यावर शिकत्यात, चित्रं काढत्यात, सगळं नीट. पण वय जास्त. तेवढं एकच कारण."

"मग काय करणार?"

"जोपर्यंत चालत्यात तोपर्यंत चालवनार. इंटरनेट काढून टाकायचं. पोरांना त्याचं काय पडलंय?"

गुरुराजनं विचारलं, असं आडतीवर करता येईल का. तिनं सांगितलं, हिशेब असतील तर नको, धोका असतो, पण वजनाच्या पावत्यांना चालेल. मग तो तिला पावत्यांचं सांगायला लागला. दोघं इतके रंगले की पाण्यावर बोलणारी मोठी माणसं हळूहळू गप्प झाली. काशम्मांचा पाय थांबला होता. माझे मात्र दोन्ही पाय बधीर झाले होते, आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटत होतं, हे मशीन अजून थोडा वेळ सुरू होत राहू दे.

काशम्मा मुलाकडे कलल्या आणि कानडीत पुटपुटल्या, "हुडगी छलो अदाळ." मुलगी चांगली आहे. त्यांना वाटलं आपण कुजबुजलो. शिवशरणची सगळी नोकरी वाडी-गुलबर्ग्याच्या बाजूला गेलेली, कानडी त्याला मराठीपेक्षा बरी येते. तो घाईघाईनं छताकडे बघायला लागला.

तेवढ्यात महेश्वरी म्हणाली, "एक सांगायचं हाय. मी ह्यांच्यापेक्षा मोठी हाय. दहा महिन्यांनी."

शिवशरणनं डोळे मिटून घेतले. अप्पांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झालेला मला खालून दिसला. मला त्या मुलीचा इतका राग आला! एवढं सगळं आम्ही कशासाठी केलं होतं?

काशम्मांनी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला, तोंडात घातला, सावकाश चावला.

"मी बी ह्याच्या वडलांपेक्षा मोटीच हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या अण्णानं माजं जन्मसाल फिरवून सांगितलं हुतं. त्यास्नी अजून पत्त्या न्हाय. गुरू, घरी बोललास तर बघ."

गुरुराजला ठसका लागला. महेश्वरीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं पाणी पिताना आईकडे बघितलं नाही, हे अप्पांनी टिपलं असणारच, कारण मी टेबलाखालूनसुद्धा टिपलं.

"अप्पा," काशम्मा म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता ते मशीन. कशाला तरास त्याला."

पुढचं बोलणं मोठ्यांचं. सुपारी कधी फोडायची, बार्शीला कोण येणार, संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी की नंतर. शिवशरण हसत होता आणि टोपीनं डोळे पुसत होता. मी टेबलाखालून सरपटत बाहेर आलो आणि भिंतीला धरून उभा राहिलो. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

मंडळी निघाली तेव्हा महेश्वरी चपला घालता घालता माझ्याजवळ थांबली. "काका, हार्ड डिस्क कुटं विकली?"

"कॅमेऱ्याच्या पेटीत आहे," मी म्हणालो. मग मला राहवेना. "तुला कळलं होतं ना, हे कधीच सुरू होणार नाही? जन्मतारीख दिसणारच नव्हती. मग आपणहून कशाला सांगितलीस?"

"म्हनूनच की," ती म्हणाली. "आजवर माझं वय दरवेळी दुसऱ्यानंच दाखवलं, आन् मी आत ताटली घेऊन उभी. आज दाखवायला कुनीच नव्हतं. म्हटलं, आपन सांगू."

ती गेली. बाहेर गुरुराज रिक्षा थांबवून तिच्या वडिलांना हात देत होता. मी आत आलो तर अप्पा खोक्याचा पंखा ऐकत डोळे मिटून बसले होते. मी वायर काढायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले. "मंगळवारी मंद्रूपचे लोक येनारेत."

मी त्यांच्यासमोरच्या बाकड्यावर बसलो. भुवनेश्वरी दोन कप चहा घेऊन आली. पडद्यावर ती एकच ओळ होती आणि मशीन सुरू होत होतं, आणि मला कसलीही घाई नव्हती.